पान एक ते अठ्ठेचाळीस

पद्मा,

तुझ्या कपाटाची किल्ली माझ्याकडं आली. तुझी भाची श्रीलता शाळेत येऊन देऊन गेली. चहा घे म्हटलं तर थांबली नाही. आत्यानं मोठ्या बाईंच्याच हातात द्यायला सांगितलं होतं, एवढं म्हणाली आणि गेली. ती किल्ली मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. रुमाल काढताना बोटांना लागायची की हात झटकन बाहेर. अख्खी शाळा मला फटकळ म्हणते, साहेबांपुढंही माझा आवाज खाली येत नाही, आणि पाचवीच्या वर्गातलं एक पत्र्याचं कपाट उघडायला मी घाबरले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय करलालाव मॅडम, कपाट आहे, वाघ नाही."

शोकसभेत मी बोलले. मुख्याध्यापिका म्हटल्यावर बोलावंच लागतं. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, सगळे शब्द वापरून झाले. तू मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसते आहेस असं मला सारखं वाटत होतं. खरंच सांगते, दोनदा मी तिकडं बघितलं. जे बोलायला हवं होतं ते काही बोलले नाही. ते सभेत सांगण्यासारखं नव्हतंच, ते तुलाच सांगायचं होतं. त्याला सहा वर्षं मिळाली होती मला. तू शेजारच्या वर्गात होतीस, डबा समोर बसून खात होतीस, तेव्हा माझी जीभ उचलली नाही. आता तू नाहीस तर लिहायला बसले आहे. माझी मलाच लाज वाटते.

मला ते पहिलं पुस्तक आठवतं. कोरं करकरीत, शाळेचा शिक्का मारलेलं. तू ते टेबलावर पालथं घातलंस आणि त्याच्या पाठीवरून सरळ ब्लेड फिरवलंस. मी दारातूनच ओरडले, अगं ए, डोकं फिरलं का तुझं? तू वर बघितलंसुद्धा नाहीस. दोन तुकडे झाले. मागचा तुकडा समोर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलास. पुढच्या तुकड्याला तिच्या नावाची चिठ्ठी लावलीस, चादरीच्या दोऱ्यानं बांधलास आणि कपाटात ठेवलास. मुलगी उड्या मारत गेली आणि आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तेव्हा शाळेच्या मागच्या मैदानात पालं पडलेली असायची. सोलापुरात रस्ता खोदलेला नाही असा महिना कुठला? कधी केबल, कधी पाइप. तेलंगणातून टोळ्या यायच्या, नवरा-बायको दोघं मिळून चर खोदायचे आणि पोरं काढलेल्या मातीच्या ढिगावर बसून असायची. तू मधल्या सुट्टीत तिकडं जायचीस, तेलुगूत काहीबाही बोलायचीस आणि एकेकाला हाताला धरून आणायचीस. तुझे आजोबा तिकडूनच इथं मागावर काम करायला आले होते, तुला ती माणसं परकी वाटायची नाहीत. मला वाटायची, खोटं कशाला बोलू. मला त्यांची नावं धड उच्चारता यायची नाहीत. चार महिने पट वाढायचा, मग काम पुढं सरकलं की एका सकाळी मैदान रिकामं आणि हजेरीपत्रकावर गैरहजरच्या रांगाच रांगा. वरून विचारणा व्हायची ती मला, तुला नाही.

मी म्हणायचे, द्यायचंच आहे तर सगळं पुस्तक दे की बाई, अर्धं कशाला?

"सगळं दिलं तर परत कशाला येतील, मॅडम?"

तुझे वडील गावाला जाताना मागावरचं कापड कधी पुरं करून जायचे नाहीत, वीतभर तरी राहू द्यायचे, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. घरातून बाहेर पडणाऱ्याचं काहीतरी अर्धं मागं राहिलं पाहिजे म्हणे, मग त्याचे पाय परत वळतात. मी म्हणायचे हा शुद्ध अडाणीपणा आहे, तू डी.एड. झालेली बाई आहेस. पण यायची गं पोरं. सगळी नाही, पण यायची. वर्षानं, दीड वर्षानं, मळका तुकडा छातीशी धरून तुझ्या दारात उभी राहायची. तू चष्मा लावायचीस, दाभण काढायचीस, दोन्ही तुकडे मांडीवर जुळवून शिवायचीस आणि दातानं दोरा तोडायचीस. नंतर केव्हातरी सरकारनंच पुस्तकं चार भागांत छापून पाठवली, तेव्हा तू ती माझ्या टेबलावर आपटून म्हणालीस, "बघा मॅडम, आता सरकारनंच फाडलं. लिहा मेमो." तिथं मी हसले नाही. घरी जाऊन खूप हसले.

आता सायम्माचं सांगते.

सायम्मा तुझी लाडकी, हे तू कधी कबूल केलं नाहीस, पण सगळ्यांना माहीत होतं. पाचवीतली, काळीसावळी, डाव्या हातानं लिहिणारी. धडा वाचून झाला की तिचा एकच प्रश्न असायचा. बाई, हा मानूस कुठल्या गावचा? पुस्तकात राजा असो, कोळी असो, शाळेत जाणारी मीना असो, तिला त्याचं गाव हवं असायचं. शेळी हरवलेल्या म्हातारीचा धडा होता तेव्हा तर तिनं तुला दोन दिवस पिडलं. पुस्तकात लिहिलेलं नाही, असं तू सांगितलंस, तर म्हणाली, गाव न्हाय असं कसं आसंल? तू ते मला डबा खाताना सांगितलंस आणि तुझे डोळे भरले. मी म्हटलं, भाजी गार होते आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर टोळी निघाली. सायम्माचं पुस्तक त्या म्हातारीच्या धड्याच्या मधोमधच कापलं गेलं. पान एक ते अठ्ठेचाळीस कपाटात राहिलं आणि एकोणपन्नासपासून पुढचं तिच्याबरोबर गेलं. तू तिला म्हणालीस, ये गं लवकर, शिवून देते. ती मान हलवत गेली.

जानेवारीत तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तू पंधरा दिवस रजेवर गेलीस. त्याच पंधरा दिवसांत तपासणी लागली. सगळ्या शाळेत धावपळ, रंग काढा, तक्ते लावा, नोंदी पुऱ्या करा. मी वर्गावर्गातून कपाटं उघडायला लावली. तुझ्या कपाटात तुकड्यांची चळत बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्के मारलेली, कापलेली सरकारी पुस्तकं कपाटात सापडली असती तर मी काय उत्तर देणार होते? मी शिपायाला सांगून सगळे तुकडे जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर रद्दीत घातले. चिठ्ठ्यांसकट, दोऱ्यांसकट. हजेरीपटावरची गेलेल्या मुलांची नावंही त्याच दिवशी लाल शाईनं कमी केली. हे सगळं तुला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. की होतं, ते मला कळायला आता मार्ग नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती आली, पद्मा.

मी तुझ्याच वर्गात, पोरांना शुद्धलेखन लिहायला लावून, टेबलाशी बसून नोंदी पुऱ्या करत होते. दारात कुणीतरी उभं आहे असं वाटलं, पण मी मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला, पद्माबाई न्हाईत का? सायम्मा होती. केसांत माती, पायात वेगवेगळ्या चपला, आणि सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो तुकडा. टोळीचा मुक्काम आठच दिवस होता, मग ते पुण्याकडं जाणार होते. पण तिची मावशी इथंच विड्या वळते, ती हिला ठेवून घ्यायला तयार झाली होती. बाप म्हणाला होता, शाळेत घेत असतील तर राहा, नाहीतर चल, धाकट्याला कोण सांभाळणार. हे सगळं तिनं मला तिच्या तेलुगू-मराठीत, एका दमात सांगितलं. म्हणजे काय पणाला लागलं आहे हे मला कळलं नव्हतं असं मला म्हणताच येणार नाही.

मी म्हटलं, बाई रजेवर आहेत. तुझं नाव कमी झालंय. दाखला घेऊन ये.

पद्मा, दाखला नसला तरी मुलाला वर्गात बसवायचं, हा नियम मला पाठ होता. मीच प्रशिक्षणात इतरांना सांगत फिरायचे. पण उद्या तपासणी होती, लाल शाई ओली होती, आणि त्यावर परत नाव चढवायचं म्हणजे पुन्हा सगळ्या बेरजा. एवढंच कारण. दुसरं मोठं काही कारण असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

ती गेली नाही. म्हणाली, "माझं अर्धं?" आणि कपाटाकडं बघितलं. कपाट उघडंच होतं, रिकामं, ओल्या फडक्यानं पुसलेलं. मी म्हटलं, नाही ते. मग ती उभीच राहिली. किती वेळ, देव जाणे. मी बेरीज करत होते. बेरीज जुळली तेव्हा मान वर केली, तर दारात कुणी नव्हतं.

तेव्हापासून त्या दारात ती उभी असते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुख्याध्यापिका वेडी झाली म्हणतील. पण पाचवीच्या वर्गात बसून मी खाली मान घालून काही लिहायला लागले की दाराशी उजेड जरा कमी होतो, कुणी उभं राहिल्यावर होतो तेवढाच. मान वर करावी तर कुणी नसतं. तू मला विचारायचीस ना, मॅडम, तुम्ही माझ्या वर्गात ऑफ तासाला का बसत नाही हल्ली? म्हणून नव्हते बसत.

तू आलीस, काळा चष्मा लावून. कपाट उघडलंस, मिटलंस. माझ्याकडं येऊन विचारलंस, सगळी? मी म्हटलं, सगळी, तपासणी होती. मला वाटलं आता तू कडाडशील, मीही तयारीत होते. तू फक्त म्हणालीस, "सुलभा, त्यांनी आपल्याकडं ठेवायला दिली होती गं." मला नावानं हाक तू वीस-बावीस वर्षांत दोनदाच मारलीस, त्यातली ही एक. तेव्हाच सांगायला हवं होतं. टोळी अजून इथं होती, सायम्मा पालात धाकट्याला घेऊन बसलेली होती. तू काळा चष्मा घालून धावत गेली असतीस. आठ दिवसांतले तीन उरले होते. मी ते मुकाट्यानं जाऊ दिले. तू चिडलीस तर चालणार होतं मला. पण तू माझ्याकडं जसं बघितलं असतंस, ते मला झेपलं नसतं.

मग दोन महिन्यांत सगळंच बंद झालं. लॉकडाऊनमध्ये तू मला फोन करायचीस आणि म्हणायचीस, टीव्हीवर चालत जाणारी माणसं दाखवतात ना, मी जवळ जाऊन बघते, सायम्मा दिसते का. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी टीव्हीला नाक लावून बसलीस म्हणून भाऊ तुला रागवायचा. मी इकडं फोन कानाला लावून हं हं करत होते. त्या घोळक्यात तिला मीच ढकललं होतं, आणि शोधत तू होतीस.

शाळा उघडली आणि तू लिहायला लागलीस. टोळी परत आली की ज्या पोराचा तुकडा रद्दीत गेला असेल, त्याला तू हातानं लिहून काढलेला तुकडा द्यायचीस. आम्हाला वाटायचं तू टाचणं काढतेस. रिक्षानं जाताना सात रस्त्याच्या अलीकडं कुठं खोदलेलं दिसलं की तू रिक्षा थांबवून उतरायचीस आणि त्या चरावर वाकून तेलुगूत विचारायचीस. मी रिक्षातच बसून राहायचे. उतरायची माझी हिंमत नव्हती. एखाद्या वेळी खालून ती स्वतःच वर बघेल आणि माझ्याकडं बोट करेल असं मला वाटायचं.

आणि मग दवाखाना. तुझं शरीर एवढंसं झालं होतं, पण जीभ तशीच. सिस्टरबाईंना तू बाराखडी विचारायचीस. मी रोज संध्याकाळी यायचे. एके दिवशी तू डोळे मिटूनच विचारलंस, "सायम्मा वच्चिंदा?"

आली का, एवढं तेलुगू मला तुझ्या सहवासात येत होतं. मी म्हटलं, "रालेदु, पद्मा." नाही आली. येईल.

तू हसलीस. म्हणालीस, मॅडम, तुमचं तेलुगू सुधारलं. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलंस. तिसऱ्या दिवशी परत. मी तिन्ही दिवस तेच उत्तर दिलं. आता मला झोप लागत नाही ती यामुळंच. तू औषधाच्या गुंगीत विचारत होतीस, की तुला ठाऊक होतं? वर्गातल्या चाळीस पोरांनी त्या दिवशी तिला दारात बघितलं होतं. सहा वर्षांत एकाही पोरानं तुला सांगितलं नसेल? मला बोलायला जागा मिळावी म्हणून तर तू तीन दिवस तेच विचारत नव्हतीस ना? तसं असेल तर पद्मा, तू माझ्यासाठी दार उघडं धरून ठेवलं होतंस आणि मी तीनदा नाही म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी विचारायला तू नव्हतीस.

शेवटी कपाट उघडलं. एकच वस्तू होती. वहीच्या कागदांवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं पान एक ते अठ्ठेचाळीस. चित्रंसुद्धा काढली आहेस. शेळी अगदी कुत्र्यासारखी झाली आहे, तुला चित्रकला कधीच आली नाही. कडेला दाभणानं भोकं पाडून ठेवलेली, दाभणात दोरा ओवलेला. वर लिहिलंय, सायम्मा, इयत्ता पाचवी, आल्याबरोबर देणे. आपल्या सरकारी कागदावर लिहितात तसं, "देणे". मी तुझ्या खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले. पोरांनी खिडकीतून बघितलं. बघू देत.

मग मी शोधायला लागले. जो रिक्षातून उतरत नव्हता तो जीव आता प्रत्येक चराशी थांबायला लागला. अक्कलकोट रस्त्याला एक टोळी भेटली, त्यातल्या एका बाईनं सांगितलं, सायम्माची माणसं माढ्याजवळ पाइपलाइनवर आहेत. रविवारी मी एसटीनं माढ्याला गेले. तुझा तुकडा पिशवीत, मांडीवर घट्ट धरलेला. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. अगदी असंच वाटलं, तुझ्यापासून आता काय लपवू.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पालं होती. सायम्मा घमेलं उचलत होती. सतरा वर्षांची असेल, उंच झाली आहे. तिनं मला लगेच ओळखलं. घमेलं खाली ठेवलं, हात साडीला पुसले आणि म्हणाली, "मोठ्या बाई, तुमी हितं?" मी काही बोलायच्या आत पालात गेली आणि तो तुकडा घेऊन आली. त्याच प्लास्टिकमध्ये. पानांचे कोपरे झिजून गोल झालेत. तिच्या पाठची तीन भावंडं त्यावरच वाचायला शिकली, हिनं शिकवली. त्यातली मधली, दहा वर्षांची रेणुका, मला सांगायला लागली. त्यांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य होतं, म्हातारी परत फिरली. कुठून फिरली, आधी काय झालं, ते कुणालाच ठाऊक नाही. मग ताई दर मुक्कामाला नवीन सांगते. पुण्यात असताना म्हातारी पुण्याची होती, इथं आल्यापासून माढ्याची आहे.

मी तुझा तुकडा पिशवीतून काढून सायम्माला दिला. रेणुका शेळी बघून म्हणाली, हे कुत्रं हाय. सायम्मानं म्हातारीचा धडा काढला आणि बोट ठेवून वाचायला लागली. एका ओळीवर ती थांबली. ती ओळ पुस्तकात नाही, पद्मा, मी तो धडा स्वतः शिकवला आहे. तू तुझ्या पदरचं एक वाक्य घातलंस. ही म्हातारी मूळची कोत्तापल्लीची. सायम्मानं ते परत वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "हे आमचं गाव हाय," म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, पद्माबाई कुटं हायत? मी सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसती खाली बसली, मातीवरच. मग विचारलं, "मी आलेली, ते त्यांना कळलं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं रेणुकाला पुढं ओढलं आणि म्हणाली, माझं आता काय न्हाय, हिचं नाव लिवा, मावशी अजून हाय सोलापुरात. मी म्हटलं, लिहिते, उद्याच लिहिते, दाखला वगैरे काही लागत नाही. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं मी काय बोलले ते.

सायम्मा शांतपणे म्हणाली, "मग तवा का लागला?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. दोन्ही तुकडे जुळवून माझ्या मांडीवर ठेवले आणि दोरा ओवलेलं दाभण माझ्या हातात दिलं. तुमीच शिवा, म्हणाली. मला कुठं येतं शिवायला. तू मला इतक्या वर्षांत कधी शिकवलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. दोनदा बोटात घुसलं. छापलेली पानं लहान, तुझी वहीची पानं मोठी, कडा जुळता जुळेनात. पोरं भोवती बसून बघत होती, तिकडून मुकादम ओरडत होता, आणि सायम्मा उन्हात माझ्यासमोर उभी होती. तिची सावली माझ्या हातावर पडली होती. या वेळी मी मान वर केली. ती तिथंच होती.

रेणुका सोमवारी आली, मावशीचा हात धरून. नाव मी निळ्या शाईनं लिहिलं. ती तुझ्या वर्गात दारापासच्या बाकावर बसते, आणि पुस्तक आपल्या ताईपाशी सोडून आली आहे. मला वाटलं आता दाराशी उजेड कमी व्हायचा थांबेल. थांबला नाही. आता तिथं तू असतेस, आणि तेच विचारतेस.

तर ऐक. सायम्मा वच्चिंदी, पद्मा. सहा वर्षांपूर्वीच आली होती.